टाकीवरची कवायत

त्याने मैदानात "सावधान" म्हटलं की कॅडेट तर ताठ व्हायचेच, पण दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेली माणसंसुद्धा क्षणभर थबकायची, असा त्याचा आवाज. वसाहतीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं भोंगा. तोंडावर सर, पाठीमागे भोंगा. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

गंमत अशी, की या भोंग्याचं पोटापाण्याचं काम अगदी मुक्याचं. जिथे उंच इमारती बांधतात तिथे तो सिग्नलमन. वर क्रेनचा चालक, खाली हा, आणि मधे लोखंडाची मोळी हवेत लटकलेली. घे वर, थांब, सोड हळूहळू, हे सगळं हातांनी सांगायचं. दिवसभर तोंडातून अक्षर नाही. बायको शेजारणींना सांगायची, "कामावर साठवतात आणि संध्याकाळी पोरांवर ओततात. घरी काही उरतच नाही, म्हणून संसार सुखाचा."

संध्याकाळी तो कवायत शिकवायचा तो कॅडेटांचा गट म्हणजे त्याचा जीव. लहानपणी तो स्वतः याच गटात, याच मैदानात कदम टाकायला शिकला होता. मैदान चार इमारतींच्या मधोमध, आणि गटातली वीसेक पोरंपोरी त्याच चार इमारतींतली.

मग साथ आली. मैदानाला कुलूप लागलं, बांधकामं थांबली, पोरं घरात कोंडली गेली. दुसऱ्या गटांनी फोनवर व्याख्यानं सुरू केली. याने म्हटलं, आपली कवायत फोनवर होणार. पहिल्याच दिवशी त्याने कदमतालाचा हुकूम सोडला. आता तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या पोरांनी भोंग्याच्या शिस्तीत पाय आपटल्यावर खालच्यांचं काय होणार? एका आजोबांच्या चहात छताचा पोपडा पडला. ते कप घेऊनच जिन्यात आले आणि पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवत राहिले. दुसऱ्या दिवशी याने पोरांना गादीवर उभं केलं. आवाज बंद झाला, पण निम्मी पोरं कोलमडली.

खरं घोडं पेंड खात होतं ते निराळ्याच ठिकाणी. पाय काही केल्या एकत्र पडेनात. फोनच्या पडद्यावर छोटे छोटे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात पाय वेगळ्या वेळी वर. सगळ्यात मागे बारकी. बारकी म्हणजे गटाची नायक, उंचीने सगळ्यांत लहान आणि बाकी सगळ्यात पुढे. याने तिला सगळ्यांसमोर झापलं.

"सर, तुम्ही आत्ता म्हणालात," ती म्हणाली.

उलट उत्तर समजून त्याने तिची नायकी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरात आपल्या फोनवर तीच कवायत बघत बसली होती. याने बाहेरच्या खोलीत "दहिने मूड" म्हटलं, आणि जरा वेळाने त्याचाच आवाज स्वयंपाकघरातून आला. हा जागच्या जागी थिजला. म्हणजे हुकूमच प्रत्येकाकडे आपापल्या सवडीने पोचत होता, आणि पोरं आपापल्या जागी बिनचूक होती! त्याने लगेच बारकीला फोन लावला, चुकलं माझं म्हणाला, नायकी परत दिली. ती म्हणाली, मी नायकाची कामं चालूच ठेवली होती.

त्याच आठवड्यात गटांची देखरेख करणाऱ्या अधिकारी बाईंचा फोन आला. त्या गोड बोलल्या, पण सांगितलं ते कडूच. जे गट एकत्र कवायत करू शकत नाहीत ते बंद करायचे आणि पोरं मागाहून मोठ्या गटांत वाटून टाकायची, असं वरून ठरलं होतं. महिनाअखेर त्या स्वतः बघायला येणार होत्या. एकत्र म्हणजे एका ठेक्यात, ही त्यांची अट. मैदान मात्र उघडणार नव्हतं.

भोंगा दिवसभर खिडकीतून मैदानाकडे बघत बसला. मोठ्या गटात पोरं जातील, पण मैदानात उद्या कोण उभं राहील? बायकोने त्याला कपडे वाळत घालायला गच्चीवर पिटाळलं. समोरच्या गच्चीवर बारकी दिसली. ती मास्कमधून काहीतरी ओरडत होती, वाऱ्यात कळत नव्हतं. याने सवयीने हात उचलून खूण केली, थांब. ती थांबली. कठड्याला फार खेटली होती, म्हणून मागे हो अशी खूण केली. ती मागे झाली. डावीकडे. ती डावीकडे सरकली. याचे डोळे चमकले. त्याने तिला सबंध गच्चीभर फिरवलं आणि अलगद एका कोपऱ्यात आणून ठेवलं.

"अहो, ती काय क्रेन आहे?" बायको म्हणाली.

"अगं, गट आहे माझा," तो म्हणाला, आणि ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून पाण्याच्या टाकीवर चढला.

तिथून त्याला तीन इमारतींचे सज्जे आणि खिडक्या दिसत होत्या. अडचण एकच, त्याच्या स्वतःच्या इमारतीतली पोरं थेट त्याच्या पायाखाली. त्यांना तो कसा दिसणार? कामावर चालकाला सिग्नलमन दिसत नसला की मधे दुसरा माणूस उभा करतात, तो खूण पुढे देतो. बारकी समोरच्या गच्चीवर दुसरी सिग्नलमन झाली. पण खूण पुढे जाताना उशीर व्हायचा, म्हणून त्याने ठेका बांधला. हात वर गेला की सावध, मग तीन झोके, आणि चौथ्याला काम. तीन झोक्यांत बारकीचा हात त्याच्या हाताला जुळायचा आणि चौथा झोका दोघांचा एकदम पडायचा. पाय आपटायचे ते सज्ज्यात, आणि संध्याकाळी पाचलाच. आजोबांनी त्या वेळेचा चहा पुढे ढकलला.

महिनाअखेरीला बाई आल्या. मास्क लावून मैदानाच्या कुलूपबंद फाटकाशी उभ्या राहिल्या, चारही इमारती दिसतील अशा. शेजारी, बेताचं अंतर ठेवून, भोंग्याची बायको. टाकीवर तो, गणवेशात. हात वर गेला आणि सगळी वसाहत चिडीचूप झाली.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. नियमात हुकूम आवाजाने द्यायचा असं होतं. त्यांनी त्याला फोन लावला. वर त्याच्या खिशात फोन वाजू लागला, पण तो ढिम्म. बाईंनी पुन्हा लावला. तेच.

"फोन का घेत नाहीत ते?"

"नाही घेणार," बायको शांतपणे म्हणाली. "हात वर आहे ना. वर माल लटकलेला असताना ते देवाचाही फोन घेत नाहीत. खाली टेकला की घेतील."

बाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. तीन झोके झाले. चौथ्याला चारही बाजूंनी पाय पडले, आणि मैदानात एकच आवाज घुमला. पुन्हा झोके, पुन्हा एकच. मग सॅल्यूट आला, सज्ज्यांतून, खिडक्यांतून, गच्चीवरून, सगळा बाईंच्या दिशेने. सॅल्यूट आला म्हणजे तो परत द्यायचा, त्यात नियम मोडायची सोय नसते. बाईंनी फोन घाईघाईने डाव्या हातात घेतला, टाचा जुळवल्या, आणि एकेका इमारतीकडे वळत चारही दिशांना सॅल्यूट दिला.

भोंगा खाली आला तो थेट फाटकापाशी.

"तुमचा हुकूम मला ऐकू आला नाही," बाई म्हणाल्या.

"पाय ऐकू आले?"

"आले." बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. "वीस जण आहेत म्हणालात. मला एकच ऐकू आला."

"मग?"

"मग काय, गट चालू राहील. आवाजाच्या नियमाचं मी वर बोलते. तो साथीच्या आधीचा आहे." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "उद्या आहे का सराव?"

"रोज पाचला," भोंगा म्हणाला. "यायचं असेल तर जरा आधी या. एकदा हात वर गेला की मला थांबता येत नाही."

"येते," बाई म्हणाल्या.