मुलीचे मामा कुठे आहेत?

भाचीचं लग्न चाकणला, दुपारच्या मुहूर्तावर. तिचे वडील तिच्या लहानपणीच गेले. त्यामुळे ताईनं मला आधीच बजावलं होतं, "अक्षता पडताना पोरीच्या पाठीशी मामा हवा. ती जागा मोकळी दिसली तर मला सहन व्हायचं नाही रे." मी म्हटलं, "अगं, रहाटणी ते चाकण म्हणजे काय दिल्ली आहे का?" रोज त्याच रस्त्यानं कंपनीत जातो ना मी!

मोशीच्या पुढे रास्ता रोको. कशासाठी, ते कुणालाच धड ठाऊक नाही. एक म्हणे खड्ड्यांसाठी, दुसरा म्हणे पाण्यासाठी, तिसरा म्हणे काल अपघात झाला म्हणून. बायको मागून म्हणाली, "देहूवरून घ्या." घेतली बाईक देहूवरून. ट्रकांच्या मागे धूर खात, कसेबसे देहू ओलांडून चाकणच्या रस्त्याला लागलो, तर तिथंही लोक रस्त्यावर बसलेले! हे मोशीवाल्यांचेच भाऊबंद की वेगळेच, देव जाणे. मोबाइलमधली बाई मला परत मोशीकडे वळायला सांगू लागली. "गप बस गं बये!" मी तिच्यावर खेकसलो, आणि रुसली मागची. तेवढ्यात ताईचा फोन. "कुठं पोचलास?" आता काय सांगू, कपाळ!

शेवटी एका गॅरेजवाल्या चाचांकडे गाडी लावली आणि कंटेनरांच्या मधून चालत निघालो. अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्याला गुलाबी फेटा. मला बघताच रस्त्यावर बसलेली माणसं उठलीच. "साहेब आले! साहेब आले!" गळ्यात हार पडला, हातात माइक आला. आमच्या भागात असा वेष दोघांचाच, पुढाऱ्याचा नाहीतर लग्नातल्या मामाचा. त्यांना मी पुढारी वाटलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मला हे कळेना, की यांची मागणी तरी काय आहे?

"अहो, मी साहेब-बिहेब कुणी नाही," मी माइकवरच ओरडलो. "मी मुलीचा मामा आहे! तिकडं मुहूर्त टळतोय!"

पुढचे एक आजोबा माझ्यावरच भडकले, "मंग हितं भाषाण काय ठोकतो? मामा न्हाई आन् लगीन लावत्यात व्हय? सरका रं, वाट द्या!" एका पोरसवदा कार्यकर्त्यानं मला त्याच्या बाईकवर घेतलं. बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी येते."

कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा आत शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. मुलीचे मामा कुठे आहेत, म्हणून माइकवरून कितीदा पुकारलं, असं दारातल्या पाहुण्यानं ऐकवलं. मी धावत स्टेजवर चढलो.

जागा मोकळी नव्हती. अंतरपाटाच्या अलीकडे भाची आणि तिच्या पाठीशी ताई उभी. कालच हळदीला बायकांनी जिला हळूच मागं सरकवलं होतं, तीच माझी ताई, पदर खोचून, लेकीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून. मला रडूच फुटलं. पुढं व्हावं की थांबावं, काही सुचेना.

तिनं मला पाहिलं. "आलास?"

"आलो."

ती माझ्यासाठी बाजूला व्हायला लागली.

"राहू दे गं," म्हटलं, आणि मी तिच्या पाठीशी उभा राहिलो.