जुन्या ब्राउझरमधला जावई

माझी बायको एमिली नोकरीत काय करते, हे आमच्या उमेळे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. माझी आई सांगायची, लोकांच्या वेबसाइट मोडतात का ते बघते. तेच खरं होतं. वालीवच्या एका छोट्या ऑफिसात पंपांच्या, बादल्यांच्या कारखान्यांसाठी वेबसाइट बनत, आणि एमिली त्या सात-आठ वर्षं जुन्या ब्राउझरमध्ये उघडून बघे. ऑफिसात नवी विंडोज आली, ती त्या म्हाताऱ्या ब्राउझरला दारात उभं करेना. मग या बाईने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना, नकली कॉम्प्युटर थाटला आणि म्हाताऱ्याला तिथे बसवलं. तिचे साहेब, शत्रुघ्न पाटील, चेष्टा करायचे की आता हे वापरतं कोण? ती म्हणायची, कुठेतरी कुणीतरी असतंच. महाहट्टी बाई! वाद घालायला जाऊ नये, मी गेलोय.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हाची, २००८ची गोष्ट. तिचे पप्पा, जॉन, बहारीनला नोकरीला. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांच्या होकाराशिवाय एमिली लग्न करणार नव्हती. येत्या रविवारी चर्चमध्ये लग्नाची घोषणा म्हणून आमची नावं वाचायची होती. म्हणून तिने आमच्या घरच्यांचे फोटो एका वेब-पानावर लावले, प्रत्येकाखाली नाव आणि एक ओळ. माझ्याखाली लिहिलं, ‘जेसन. मला फार हसवतो.’ आणि जगाच्या वेबसाइट तपासणाऱ्या या शहाणीने स्वतःची तपासलीच नाही. प्रेम, दुसरं काय!

मंगळवारी पप्पांचा फोन आला. आधी माझं वय विचारलं. सव्वीस, एमिली म्हणाली. मग तब्येत कशी आहे, बीपी वगैरे? आणि तो मोती कोण? एमिली कौतुकाने म्हणाली, फार लाघवी आहे, दिवसभर दारात पडून असतो. पप्पांनी फोन ठेवला. माझी पाचावर धारण बसली. मी दोन दिवस आरशात बघत होतो की माझ्यात एवढं वाईट काय आहे.

गुरुवारी एमिलीच्या डोक्यात प्रकाश पडला. पप्पा राहायचे त्या कामगारांच्या कॅम्पातला कॉम्प्युटर जुनाट होता. तिने ऑफिसात आमचं पान म्हाताऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं, तर सगळी नावं एकेक फोटो खाली घसरलेली. माझं नाव सेबेस्टियनकाकाखाली. काका एकसष्ट वर्षांचा, डोकं गुळगुळीत, खांद्यावर केळीचा घड. आणि माझ्या फोटोखाली आमच्या कुत्र्याचं नाव, ‘मोती. चावत नाही.’ अख्खं ऑफिस पोट धरून हसलं. पाटीलसाहेबांना तर ठसका लागला.

तिने पान दुरुस्त केलं, दोन्ही ब्राउझरमध्ये तीनतीनदा बघितलं आणि संध्याकाळी माझ्यासमोर मोबाइल स्पीकरवर टाकून फोन लावला. पण तिने तोंड उघडायच्या आत पप्पाच बोलले.

“मी तीन दिवस विचार केला, बाय. तू लिहिलंयस, तो तुला हसवतो. मी तुझ्या आईला वर्षातून एक महिना हसवलं, तेही सुट्टी मिळाली तर. वय काय, टक्कल काय. रविवारी नावं वाचू दे.”

एमिलीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. म्हणून मीच पुढे झालो आणि म्हणालो, मी जेसन.

“बोला ना,” पप्पा म्हणाले, थोरल्या भावाशी बोलावं इतक्या अदबीने.

तेवढा मान त्यांनी मला नंतर कधीच दिला नाही.