तोरणातला तलाव

ताई गेली त्या दिवशी मी मिरजेत होते. सकाळी फोन आला. मी गॅस बंद केला, खुर्चीवर बसले आणि पलीकडच्या बाईंचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मला तेव्हा टायफॉइड झाला होता. अंत्यविधीला जाता आलं नाही, तेरवीलाही (तेराव्याला) नाही. पुढे पौष सरत आला तेव्हा प्रांजलीच्या लग्नाची पत्रिका आली आणि मी त्याच दुपारी तिकीट काढलं. प्रांजली ही ताईच्या दिराची मुलगी. ताईला मूल नव्हतं. ही पोर शाळेच्या प्रत्येक सुट्टीत जवाहरनगरला, ताईच्या यजमानांच्या नोकरीच्या क्वार्टरमध्ये ताईकडे असायची आणि तिला मोठी आई म्हणायची. तिच्या लग्नाच्या दारासाठी ताईनं तोरण केलं होतं. फोनवर मी त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की न पाहताही ते मला पाठ होतं. लग्नापेक्षा मला ते तोरण पाहायचं होतं.

गोंदियाकडे जाणारी गाडी मिरजेहून दुपारी निघते. मी पुस्तक उघडलं, पण डोळ्यांपुढे तोरणच येत राहिलं. ताई त्यासाठी नवं काहीच विकत घेत नसे. कापड तिच्या सासूच्या करवतकाठी लुगड्याचं होतं (कोशाचं लुगडं, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी). मधलं कापड विरलेलं, म्हणून तिनं काठ आणि पदर तेवढे घेतले. जर एका फाटक्या शालूची. पिवळे मणी कुणाच्या तरी आजीनं केलेल्या मण्यांच्या पंख्यातले. त्यांच्या तिनं धानाच्या (भाताच्या) लोंब्या केल्या. मधोमध तलाव, काठावर एक सारस. आणि तलावाचं पाणी काळ्या मण्यांचं.

ते काळे मणी कुठले, हे सांगायला हवं. नवरा गेला की दहाव्या दिवशी नदीवर बाईच्या गळ्यातली पोत उतरवतात आणि मणी पाण्यात सोडतात. उतरवायचं काम विधवांनी करायचं. सवाष्णीनं त्या मण्यांना हात लावायचा नाही. ताईच्या यजमानांच्या दहाव्याला तिनं स्वतःचे मणी मुठीत दाबून ठेवले आणि पाण्यात नुसताच हात बुडवला. पुढे कोंढ्यातल्या, म्हणजे तिच्या सासरच्या गावातल्या, इतर बायकांनीही गुपचूप तेच केलं आणि आपापले मणी तिच्याकडे आणून दिले. माझे यजमान गेले तेव्हा ती मिरजेला आली होती. कृष्णेच्या घाटावरून परत येताना तिनं मूठ उघडून दाखवली. "हे मी नेते. तुला हवे असतील तर ठेव." मी म्हटलं, ने.

नंतर तिनं फोनवर सांगितलं होतं, "तुझे मणी सारसाच्या पायाशी लावलेत. तिथं पाणी उथळ असतं." प्रत्येक मणी ती वेगळा टाचायची आणि मागे वेगळी गाठ मारायची. एक दोरा तुटला तर एकच मणी पडावा, तलाव फुटू नये, असं ती म्हणायची.

भंडारा रोड हे स्टेशन वरठीला आहे, गावापासून बरंच लांब. बाहेर आले तर रिक्षावाल्यानं माझी बॅग उचलून पाहिली.

"एकट्याच का, मावशी?"

"हो."

"सामान तं दोघाचं दिसते."

"पुस्तकं आहेत."

"मंग तिघाचं झालं," असं म्हणून त्यानं बॅग मागे कोंबली. वाटेत चाक पंक्चर झालं तेव्हा त्यानं पुन्हा एकदा माझ्या बॅगेकडे पाहिलं.

भंडाऱ्यात मी शेवंताबाईंकडे उतरले. क्वार्टर सोडावी लागल्यावर ताई त्यांच्याच मागच्या खोलीत राहायची. घर विणकरांचं. पुढच्या खोलीत माग, आणि मागाच्या आवाजातच सगळं बोलणं. मला फोन शेवंताबाईंनीच केला होता. त्यांनी आयते (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) केले, लाखोळीची (लाखेच्या डाळीच्या कोवळ्या पाल्याची) भाजी वाढली आणि वरून सांबार टाकला, म्हणजे कोथिंबीर.

"तुमची ताई आमच्या मागाखालचे तुटके धागेबी वेचून ने," त्या म्हणाल्या. "मी म्हनो, बाई, झाडू माराचं काम वाचलं माहं. तं म्हने, मंग मजुरी दे."

ताईच्या खोलीत औषधांच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. प्रत्येकीत वेगळ्या रंगाचे मणी. काळ्यांची बाटली रिकामी होती. ते बरोबरच होतं. काळे सगळे तोरणात लागले होते.

"तोरण लावलं का हो दाराला? तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

शेवंताबाईंनी माझ्या ताटात आणखी एक आयता टाकला. "खा जी. उद्या जाऊनच राहिल्या ना कोंढ्याले? तितंच पाहा."

सकाळी एस.टी. मिळाली. वैनगंगेवरचा पूल ओलांडला की पलीकडे कारधा, आणि तिथून पवनीकडे रस्ता वळतो. नदीत पाणी संथ होतं. पुढे दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, खुंटांमधून वर आलेली लाखोळी आणि तिची बारीक निळी फुलं. मध्येच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर (बांधावर) म्हशी. ताईनं हे सगळं आयुष्यभर याच रस्त्यावरून जाता-येता पाहिलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणाकडे. मी लग्नघराचं नाव सांगितलं.

"हाव, धनराजभाऊकडे. तिथचं तोरण मोठं झकास आहे म्हनते," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला किती बरं वाटलं!

धनराजभाऊ म्हणजे ताईचे दीर. शेती आणि धानाचा व्यापार. दारात मांडव पडला होता, माणसांची ये-जा होती. प्रांजली धावत आली, पाया पडली आणि का कोण जाणे, मान वर करीना. मी तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

तोरण होतं. करवतकाठी काठ उन्हात चमकत होता. पिवळ्या लोंब्या वाकलेल्या होत्या, एकही मणी हललेला नव्हता. सारस उभा होता. त्याच्या पायाखाली काही नव्हतं. तलावाच्या जागी कापड उघडं पडलं होतं आणि त्यावर सुईची भोकं होती, नुसती भोकं, तलावाच्या आकारात पसरलेली. कोपऱ्यात एका ठिकाणी कात्री लागून कापडही कापलं गेलं होतं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

धनराजभाऊंनी आधी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या हा. पन माह्या पोरीचं लगन आहे. तिच्या डोक्यावर विधवायचे मनी टांगून ठेवू का? काई कमी-जास्त झालं तं लोकं मलेच म्हनतीन."

"कुठे आहेत ते?"

"बस्ता (लग्नाचे कपडे) घ्याले भंडाऱ्याले गेलो, तवा कारध्याच्या पुलावरून सोडले." माझा चेहरा पाहून त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, "वैनगंगेतच सोडले जी. गटारीत नाही टाकले."

म्हणजे मी सकाळी ज्या पाण्याकडे खिडकीतून बघत आले, त्यातच. जाताना मणी टाकले आणि येताना शालू आणला. मी उठून घराच्या मागच्या बाजूला गेले.

तिथे विहिरीजवळ गयाबाई भांडी घासत होत्या. ताईच्या बोलण्यात त्यांचं नाव नेहमी असायचं. तोरणाच्या लोंब्या टाचायला त्या तिला मदत करायच्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी राखेचे हात तसेच डोळ्यांना लावले.

"माहंच तोंड खराब, बाई. तेरवीले सगळ्या बाया वहिनीचे गुन गाऊन राहिल्या होत्या. मी म्हनली, माह्या गळ्यातले मनी तिनं सोन्यावानी जपले, तोरनात लावले. बस! सगळ्याईचं बोलनं बंद."

"मग काढले कुणी?"

"मलेच बोलावलं. सवाष्णीनं हात लावाचा नाही म्हने. कैची देल्ली हातात. मधात तोरन ठेवलं, अना सगळे भवताल बसले. एक एक मनी काढाले लावला."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"यायच्याच वावरात जातो आमी कामाले. नाही म्हनून कुठी जाऊ?"

"एखादा तरी ठेवलात का?"

"सामने बसून होते जी. मुठीत काय ठेवू? नदीवर नवऱ्यासाठी रडाचं नाटक तरी होते. इथं कायचं नाटक करू?"

असं म्हणून त्या स्वतःच हसल्या आणि पुन्हा भांडी घासू लागल्या.

मी फार बोलणारी नाही. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं. आवाज चढवायची सवय नाही. पण त्या विहिरीपाशी मला सगळं स्पष्ट दिसलं. बाईच्या बाबतीत जे नदीवर करतात, तेच यांनी घरात बसून एका कापडाचं केलं. मधोमध ठेवलं, गोल बसले, विधवेला बोलावलं आणि मणी उतरवले. आणि उतरवून झाल्यावर उरलेलं कापड मात्र दाराला टांगलं, कारण जर खरी होती, काठ कोशाचा होता आणि येणारे-जाणारे झकास म्हणत होते. ज्या बायकांनी ते केलं त्या नकोत. त्यांनी टाचलेली शोभा हवी. गयाबाईंनी घासलेल्या भांड्यांत उद्याचा स्वयंपाक होणार होता, त्याला कुणाची हरकत नव्हती.

मी परत पुढच्या दारी आले. मांडववाल्यांचं स्टूल तिथंच होतं. त्यावर चढले आणि खिळ्यावरून तोरण काढलं.

"अवो बाई! तुमी कायले हात लावता?" धनराजभाऊंच्या पत्नी आतून धावत आल्या. त्या वाईट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांचा दोनदा फोन आला होता. पण त्यांची नजर माझ्या मोकळ्या गळ्यावर होती.

मी तोरण मांडीवर घेऊन ओसरीवर बसले आणि त्यावरून हात फिरवला. लोंब्यांवरून, जरीवरून, सारसावरून, भोकांवरून. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. मांडवातली माणसं थांबली.

"धनराजभाऊ, यात माझेही मणी होते," मी म्हटलं. "मिरजेहून आणलेले. ते तर गेले. पण मी अजून आहे, आणि माझा हात आता सगळीकडे लागलाय. हे दाराला चालेल?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं.

"नाही ना चालत?"

"वहिनीनं माह्या पोरीसाठी केलं होतं जी ते," ते हळू आवाजात म्हणाले. मला वाटतं, तेवढं एक वाक्य ते मनापासून बोलले.

"तिनं जे केलं होतं, ते तुम्ही पुलावरून टाकलंत."

मग प्रांजली आतून ताईची एक जुनी सुती साडी घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली.

"मावशी, घडी नोका घालू. गुंडाळून घ्या. मोठी आई गुंडाळूनच ठेवे." आणि मान वर न करता आईला म्हणाली, "आता तं चालतच नाही ना, आई? मंग जाऊ दे की."

तिचे हात हळदीसाठी धुतलेले होते. तोरण गुंडाळताना ते हात सगळ्या भोकांवरून गेले. तिची आई "अवो पोट्टे" एवढंच म्हणाली.

मी लग्नाला थांबले, कारण प्रांजलीनं थांबा म्हटलं. दाराला बाजारातलं प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण लागलं. अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले. वाढणाऱ्या बायकांमध्ये गयाबाई नव्हत्या. त्या विहिरीजवळच होत्या. निघताना प्रांजली नवऱ्याला घेऊन मागच्या दारी गेली आणि दोघं त्यांच्या पाया पडली. गयाबाई हात मागे घेत राहिल्या, "नोको व माय, आज नोको." तिनं ऐकलं नाही. हे धनराजभाऊंनी पाहिलं आणि ते दुसरीकडे वळले.

परतताना एस.टी. कारध्याच्या पुलावरून गेली. मी खिडकीतून पाहिलं. ताईनं आणि कोंढ्यातल्या बायकांनी जे एकदा नदीपासून वाचवलं होतं, ते शेवटी नदीतच होतं. पुलावर गाडी थांबत नाही. थांबली असती तरी मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. शेजारचा माणूस पाण्याला हात जोडत होता. मला जोडवले नाहीत.

मिरजेत आल्यावर मी तोरण उलटं करून टेबलावर पसरलं. अस्तराची एक बाजू उसवली. कात्री पुढून चालली होती. मागे कुणी पाहिलं नव्हतं.

तोरण आता माझ्या घरी, आतल्या दाराला आहे. लोंब्या आहेत, सारस आहे. काळे मणी नाहीत. मागच्या बाजूला ताईनं मारलेल्या गाठी आहेत, प्रत्येक मण्याची एक.