आत्तीची तेलाची वाटी

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिला तर ती कधीच कळली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ अजून रेटत नाही. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, माधवनगरात कुणालाही विचारा.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पलटणीतला नवरा लग्नानंतर लवकरच गेला, आणि ती कुंडलजवळच्या आमच्या घरी परत आली ती कायमची. विधवा बाई. लग्नात हळद लावायला तिनं पुढं यायचं नाही, ओटी भरायची नाही, अक्षतांच्या वेळी मागं उभं राहायचं. पण हळदीच्या आधीचे जे दिवस असतात ना, ते मात्र आत्तीचे. गल्लीतल्या कुठल्याही नवरीचं तोंड तेलानं साफ करायचं ते आत्तीनंच. तेवढा एक मान तिच्या वाट्याला आलेला होता, आणि तो तिनं जिवापाड जपला होता.

करायची तरी कसं! घाण्याचं तिळाचं तेल, त्यात चमचाभर एरंडेल, पितळी वाटी निखाऱ्यावर जराशी धरायची. ते कोमट तेल कोरड्या तोंडावर बोटांच्या टोकांनी हळूहळू फिरवायचं. मग जुन्या धोतराचा तुकडा गरम पाण्यातून पिळून तोंडावर पसरायचा आणि अलगद पुसून घ्यायचं. शेतातली धूळ, गुऱ्हाळाची काजळी, सगळं त्या फडक्यावर यायचं. साबण कपड्याला, तोंडाला तेल, हे तिचं शास्त्र. पोरी उठायच्या त्या ताज्या लोण्यासारख्या.

आणि एक — गल्लीत कुणाच्या पायात काटा मोडला की बिब्बा घालायचं कामही आत्तीचंच. बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरला की त्याचं काळं तेल थेंब थेंब गळतं. ते काट्याला औषध, पण नाजूक कातडीला लागलं तर उतणार — फोड, सूज, आग. म्हणून बिब्ब्याची करवंटी वेगळी. ती बाहेर वळचणीला खोचलेली असायची, आणि घरातल्या भांड्यात बिब्बा धरायचा नाही हा नियम आम्हा पोरींना चालायला लागल्यापासून ठाऊक होता. मलाही ठाऊक होता. हे ध्यानात ठेवा.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझी चुलत बहीण शालन, माझ्याहून थोरली, तिचं लग्न ठरलं. मुलगा विट्याकडचा, लांब कुठल्याशा शहरात सोनं गाळायचं दुकान असलेला. शालन गोरी, नाकीडोळी नीटस. आणि मी? माझं सोडा. रोज दुपारी आत्ती सोप्यात बसायची, शालन तिच्यापुढं तोंड वर करून बसायची. एकदा शालन उठल्यावर मीही तशीच जाऊन बसले, डोळे मिटून. आत्ती हसली, म्हणाली, तुझी पाळी आल्यावर बघू, तुझं तोंड कुठं पळून जातंय. सगळ्या बाया हसल्या. आत्तीच्या मनात काही नव्हतं, आमच्याकडं थट्टा अशीच करतात. पण मला ते लागलं. फार लागलं.

त्याच आठवड्यात लग्नाचं जळण आणताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आत्तीला सांगायचं सोडून मी फुगून बसले होते ना — मग माझा मीच बिब्बा टोचला. वळचणीपर्यंत लंगडत जायचा कंटाळा आला. समोर देवळीत आत्तीची पितळी वाटी होती. तीच घेतली. काम झाल्यावर चिंधीनं पुसली आणि परत ठेवून दिली. तेलाची वाटी आमच्याकडं घासत नाहीत, नुसती पुसतात. त्यामुळं कुणाला वेगळं काही दिसायचं कारण नव्हतं.

इथवर सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पोर होतीस, चुकलीस. मीही स्वतःला कित्येक वर्षं हेच सांगत आले, की मी विसरले. छान शब्द आहे तो. त्याच्या आड अख्खा माणूस लपतो.

पण मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथंच गहू निवडत बसले होते. आत्तीनं वाटी घेतली, तेल ओतलं, निखाऱ्यावर धरली. तिला तेव्हा कमी दिसायला लागलं होतं, आमच्या सगळ्यांना ते माहीत होतं. मला वाटी दिसली आणि बिब्बा आठवला. ‘आत्ती, थांब’ — एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात शालननं डोळे मिटले आणि ते देखणं तोंड वर केलं. माझ्या मनात आलं — उठू दे एखादी पुळी. काय बिघडतं? आणि मी मान खाली घालून गव्हातले खडे काढत राहिले.

एका पुळीवर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी शालनचे डोळे सुजून मिटले, गालांवर पाणी भरलेले फोड आले. जाणत्या बाईनं पाहताक्षणी सांगितलं, बिब्बा उतलाय. आत्तीच्या बोटांनाही फोड आले होते, हात पदराखाली धरून ती बसली होती. मुलाकडच्यांनी तिथी पुढं ढकलली. घरात विचारपूस सुरू झाली — बिब्बा घरात हाताळतं कोण? सगळ्यांचे डोळे एकीकडंच वळले. आत्ती उठली, वळचणीची करवंटी काढली, डोळ्यांजवळ धरून खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मला काय आठवत न्हाई. पर माझ्याबिगर कोन? डोळं गेलं, आता ध्यान बी गेलं.”

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते.

शालनचं पुढं सगळं नीट झालं. डाग गेले, लग्न झालं, सुखात आहे ती. आजही त्या सुजलेल्या तोंडाची आठवण काढून हसते. फोड तिच्या तोंडावर आले होते, ते बरे झाले. आत्तीचं मात्र मोडलं ते मोडलंच. आधी गल्लीतल्या बाया कुजबुजल्या, दिसत नाही तर बसायचं कशाला. मग कुणीतरी जुनं उकरून काढलं — शेवटी विधवेचा हात. त्यानंतर तिच्याकडं कुणी नवरी आणली नाही. माझ्या लग्नातसुद्धा शेजारच्या काकूनं माझं तोंड साफ केलं. आत्ती दाराआडून सांगत होती, “डोळ्याखालनं हलक्या हातानं.” माझी पाळी आली होती. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर ती दिसली असती.

पुढं बाळंतपणाला माहेरी गेले. एका सकाळी घरात आम्ही दोघीच, आणि पाळण्यात माझी लेक. मी म्हटलं, “आत्ती, हिला तेल लाव की.” तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. म्हणाली, “नगं बाळ. माझा हात चांगला न्हाई.”

ती हे लोकांचं म्हणून सांगत नव्हती हो. तिला ते खरं वाटत होतं. नवऱ्याच्या मरणापासून शालनच्या तोंडापर्यंत सगळं तिनं त्या हातांच्या माथी मारून घेतलं होतं. तेव्हा तरी? घरात तिसरं माणूस नव्हतं, मला कुणाची भीती नव्हती. मी म्हणाले, “असं काही नसतं गं आत्ती.” एवढंच. आणि तेलाची वाटी घेऊन लेकीला स्वतःच चोळायला बसले. आत्ती लांबून बघत होती. पुढच्या वर्षी ती गेली.

रोज संध्याकाळी मी तिच्यासारखंच तिळाच्या तेलानं तोंड साफ करते. माझं तोंड छान राहिलंय, बाया कौतुक करतात, विचारतात काय लावता. मी तेल सांगते, कृती सांगते, आत्तीनं शिकवलं म्हणून सांगते. इथवर येऊन थांबते.

तिचा हात चांगला होता. बिब्बा मी धरला होता, तिच्या वाटीत.