वरच्याला वीस, खालच्याला दहा

माझ्या वडिलांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. शिंपीकाम करणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे, एवढंच. शाळेचं तोंड त्यांनी सातवीनंतर पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा निम्मा घोटाळा या एका शब्दाने केला.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. खिडकीला लागून कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं गाठोडं, कोपऱ्यात शिलाई मशीन आणि खुंटीला मापांची वही. टेबलावर कात्री. काळ्या मुठीची, चांगली हातभर लांब, बाबांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. लहानपणी मी तिने एकदा पुठ्ठा कापला, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. मी शाळेच्या कचेरीत कारकून आहे आणि बाबा दिवसभर त्यांच्या कात्रीपाशी.

त्यांना रक्तदाब दहा वर्षांपासून. गोळी आठवली तर घ्यायची, नाही आठवली तर गोळीचं नशीब. मोठ्या दवाखान्यात एक संशोधन सुरू झाल्याचं मला कळलं. रोग्याने घरच्या घरी रक्तदाब मोजून लिहून ठेवायचा आणि ते आकडे ऐकून डॉक्टरांनी फोनवरच औषध कमीजास्त करायचं. दवाखान्यात खेपा घालण्यापेक्षा हे बरं पडतं का, एवढं त्यांना शोधायचं होतं. मी बाबांचं नाव देऊन टाकलं. फॉर्मवर त्यांनी सही केली तीसुद्धा खडूने आखल्यासारखी, सरळ.

तिथल्या सिस्टरने दंडाला पट्टा बांधायचं यंत्र दिलं आणि एक निळी वही.

"मास्तर, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा माप घ्यायचं आणि लगेच वहीत उतरवायचं. जमेल ना?"

"मापाचं मला नका सांगू, बाई," बाबा म्हणाले. "जन्म गेला त्यात."

सिस्टर खूश झाली. फॉर्मवर नावापुढे मी सवयीने मास्तर लिहिलं होतं, त्यावरून हे गणिताचे मास्तर आहेत असं तिने परस्पर ठरवलं होतं, ते मला तीन महिन्यांनी कळलं.

दर सोमवारी तिचा फोन यायचा. बाबा चष्मा लावून आकडे वाचायचे, वरचा किती, खालचा किती. ती म्हणायची, "अजून जास्तच आहे हो," आणि दुसऱ्या दिवशी गोळी वाढायची. काही त्रास होतो का, हेही ती न चुकता विचारायची. बाबा न चुकता सांगायचे, "ठणठणीत!" यंत्र स्वतःही सगळे आकडे लक्षात ठेवतं आणि तीन महिन्यांनी ते उघडून बघणार आहेत, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही ते पहिल्याच दिवशी विसरलो.

दीड महिन्याने बाबा बदलायला लागले. मशीनवरून उठले की भिंत धरायचे. मला आईच्या नावाने हाक मारायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि मी काय सांगत होतो, असं मलाच विचारायचे. मला काही उमजेना. गोळ्या वेळेवर चालल्या होत्या, वही स्वच्छ, तारखेनिशी भरलेली, आणि माणूस मात्र दिवसेंदिवस उतरत चाललेला. वय झालं म्हणावं, तर तीन महिन्यांपूर्वी हेच वय नव्हतं का?

मग समोरच्या औषधवाल्याचा कोट आला. बाबांनी तो कापला, शिवला आणि औषधवाल्याने घालायला घेतला, तर दोन्ही बाह्या डाव्या. औषधवाला भला माणूस, हसला. बाबा हसले नाहीत. कोट हातात घेऊन ते बराच वेळ एका बाहीकडून दुसऱ्या बाहीकडे बघत राहिले. यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी मनात म्हटलं, आणि आपल्या बापाबद्दल असं म्हटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कात्री लपवली. आधी पिठाच्या डब्यात. मग पिठात लोखंड कसं ठेवायचं म्हणून माळ्यावर. मग तिथून ते स्टूल लावून काढतील आणि पडतील या भीतीने आणखी कुठेतरी.

"माझी कात्री?" बाबांनी विचारलं.

"धार लावायला दिलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. "बरं," म्हणाले आणि बटणं लावत बसले. पुढचे पंधरा दिवस ते बटणंच लावत होते. परत एकदाही विचारलं नाही, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. कात्री विसरणारे माझे बाबा, म्हणजे आता राहिलं काय?

तीन महिने पुरे झाले तशी आम्हाला बोलावणं आलं. सिस्टरने यंत्राला वायर लावली, संगणकावर आकडे आले आणि तिचा चेहरा उतरला. तिने वही उघडली, बंद केली, परत उघडली. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दोघी कुजबुजल्या. यंत्रातला प्रत्येक आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा कमी होता. थोडाथोडका नाही, वरचा वीसने आणि खालचा दहाने, रोज, दोन्ही वेळा.

"लोक कमी करून लिहितात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही रागावू नये म्हणून. वाढवून लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

आधी त्यांना यंत्राचा संशय आला. दुसरं यंत्र आणलं, तेही पहिल्यासारखंच बोललं. मग माझा संशय आला. वही कोण भरतं, असं मला दोनदा विचारलं गेलं. मी चिडले. चिडून जे सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून बसले, बाह्या, हाका, कात्री. बाबा बाजूच्याच खुर्चीत होते. ते भिंतीवरचा तक्ता वाचत होते, किंवा तसं दाखवत होते.

डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "स्मरणशक्तीची तपासणी करून घेऊ. गरज वाटली तर त्यांना या संशोधनातून मोकळं करू. आणि तोवर कात्री नकोच." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीच नाव दिलं होतं, आणि मीच त्यांचं हातातलं काम घालवायला निघाले होते.

सिस्टर मात्र वही सोडेना. "मास्तर," ती म्हणाली, "माझ्यासमोर एकदा माप घ्या. घरी घेता तसंच."

बाबांनी बाही वर केली, पट्टा बांधला, पाय जमिनीला टेकवले, गप्प बसले. यंत्र घुर्र करून थांबलं. एकशे चार, सहासष्ट. आम्ही तिघींनीही वाचलं. बाबांनी चष्मा लावला, आकडा नीट पाहिला, पेन उचललं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, एकशे चोवीस, शहात्तर.

सिस्टरने यंत्र वळवून बाबांसमोर धरलं.

"मास्तर, इथे एकशे चार दिसतंय."

"हो."

"तुम्ही एकशे चोवीस लिहिलंत."

"मग?" बाबांनी सिस्टरकडे असं पाहिलं, जणू डोकं तिचंच तपासायला हवं. "माया नको का सोडायला?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसले. शिंप्याच्या घरची मुलगी मी, आणि मला हे सुचू नये!

माया म्हणजे शिवणीसाठी आणि अंग हलायला सोडलेलं जास्तीचं कापड. टेपवर छाती छत्तीस भरली की बाबा वहीत चाळीस लिहितात. कमरेला दोन. उघडं माप वहीत कधी उतरवायचं नाही, अशी त्यांच्या उस्तादांची शिकवण. उघडं माप कापलं की कपडा अंगात जात नाही.

"छातीला चार, कमरेला दोन," बाबा शांतपणे समजावत होते. "इथे आकडे मोठे, म्हणून वरच्याला वीस, खालच्याला दहा. माणूस काय रोज एकाच मापाचा असतो? तुम्हीच म्हणालात बाई, माप वहीत उतरवा."

"पण तुम्ही तर मास्तर ना?" सिस्टर रडवेली झाली.

"मास्तरच आहे. म्हणून तर चुकलो नाही एकदाही."

डॉक्टरीणबाईंनी हिशेब मांडला आणि त्यांनाच घाम फुटला. वहीतला आकडा खाली यावा म्हणून त्या गोळी वाढवत गेल्या होत्या, आणि खरा आकडा कधीचाच खाली आला होता. भिंत धरणं, हाका, बाह्या, सगळं बहुधा त्या जास्तीच्या गोळ्यांमुळे. त्यांनी तिथल्या तिथे दोन गोळ्या कापल्या. संशोधनाच्या सूचनांत त्या दिवशी एक ओळ वाढली, "यंत्रावर दिसेल तोच आकडा लिहावा." सिस्टर बाबांना सोडायला दारापर्यंत आली.

दहा दिवसांत बाबा पहिल्यासारखे झाले. भिंत सुटली, मला माझ्या नावाने हाक आली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, आता कात्री द्यायला हरकत नाही. मी उड्या मारत आणायला गेले, आणि कात्री सापडेना.

पिठाच्या डब्यात नाही. माळ्यावर नाही. गाद्यांखाली नाही, कपाटात नाही. मी पीठ परातीत ओतून पाहिलं. तिसरी जागा कुठली ते काही केल्या आठवेना. दुपारभर घर उलटंपालटं केलं, आणि बाबा खिडकीशी बटण लावत बसलेले. शेवटी मी त्यांच्यासमोर उभी राहिले, केसांत पीठ, कपाळाला माळ्यावरची जळमटं.

"बाबा, कात्री धार लावायला दिली नव्हती. मी लपवली होती. आणि आता कुठे ठेवली तेच आठवत नाही."

त्यांनी दाताने दोरा तोडला. मग पायानेच टेबलाखालचं चिंध्यांचं गाठोडं पुढे सरकवलं. चिंध्यांतून काळी मूठ डोकावत होती.

"लहानपणी नापासाचं प्रगतिपुस्तक इथेच ठेवायचीस," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बघितलं मी."

"मग घेतली का नाहीत?"

"तू घाबरली होतीस," बाबा म्हणाले. "आणि त्या बाह्यांनंतर माझाही माझ्यावर भरवसा नव्हता."