गेटपाशी उभी राहणारी बाई

लासलगावच्या मार्केटात मी कांद्याचा लिलाव पुकारतो. माझा आवाज यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. माझी मुलगी मात्र पाहुण्यांनी नाव विचारलं तरी मान खाली घालून पुटपुटायची.

नाशिकला अंबडच्या कंपनीत कामाला असलेली एक बाई दर रविवारी माहेरी यायची. कुणी सांगितलेलं नसताना तिने घरोघर जाऊन दहा-बारा मुली जमवल्या आणि सुट्टीमुळे बंद असलेल्या यार्डात त्यांचा गट सुरू केला. माझीही त्यात गेली. खेळ व्हायचे, गप्पा व्हायच्या. पण सुरुवात ठरलेली. ओढणी कमरेला खोचून बाई लांब गेटपाशी जाऊन उभी राहायची. एकेका मुलीने शेडच्या ओट्यावर चढून आपलं नाव ओरडायचं. ऐकू आलं की बाई हात वर करायची. नाही आलं तर नुसती उभी. रागवायची नाही, पण जवळही यायची नाही.

एकदा मुलीला सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "ताई, जरा अलीकडं उभ्या राहा की."

"जवळ आले तर पोरी नुसतं मला नाव सांगतील, भाऊ. इथवर आवाज आला, तर गावाला सांगितलं."

माझ्या मुलीसाठी तो हात चार रविवार वर गेला नाही. पाचव्या रविवारी गेला.

त्याच दिवशी त्या बाईचं नाव विचारावं म्हणून मी गेटपर्यंत चालत गेलो. समोर उभा राहिलो, आणि माझा आवाजच फुटेना.