खंडेनवमीचा डेमो

"ती होय? तिच्याकडून मी फक्त टायपिंग करून घेतलं. बाकी सगळं डोकं आपलं, राव."

कॉफी मशीनच्या पलीकडून आलेला हा आवाज आमच्या आयटी विभागातल्या सीनियरचा होता. मी मशीनच्या अलीकडे, रिकामा कप हातात घेऊन उभी होते.

"आणि ती काही बोलत नाही?" पर्चेसमधल्या कोणीतरी विचारलं.

"ती? गरीब गाय आहे. 'गुड मॉर्निंग'सुद्धा मेलवर पाठवते."

दोघं हसले. मी कप जागेवर ठेवला आणि जिन्याने खाली, शॉपफ्लोअरवर गेले. मला राग आला की मी नेहमी खाली जायची. तिथल्या आवाजात आपण गप्प आहोत हे कोणाला कळत नाही.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तयार होतं. लाइनवर प्रत्येक टेबलापाशी एक कॉम्प्युटर, त्यावर कुठली वायर कुठे जोडायची याचं चित्र आणि व्हिडिओ. गाडीचं मॉडेल बदललं की नवी फाइल या सगळ्या कॉम्प्युटरवर पोचायला हवी. पूर्वी ती ऑफिसमधल्या एकाच सर्व्हरवरून यायची. सगळे एकदम मागायला लागले की सर्व्हर धापा टाकायचा आणि लाइन उभी राहायची. खालचे लोक वर ऑफिसच्या काचेकडे बघून जे बोलायचे ते मी इथे लिहीत नाही.

त्यावर उपाय म्हणून मी पिअर-टू-पिअर पद्धत बसवली. आठ महिने लागले. मी कंत्राटावर होते, आणि हे काम ज्याच्या नावावर लागेल त्याला नव्या प्लांटचा प्रोजेक्ट मिळणार होता. माझ्यासाठी त्याचा अर्थ कायमची नोकरी.

पिअर म्हणजे बरोबरीचा. या पद्धतीत मालक कोणी नसतो. फाइलचे लहान लहान तुकडे करायचे. ज्याच्या हाती जो तुकडा लागेल, त्याने तो लगेच शेजाऱ्याला द्यायचा. म्हणजे घेणारा प्रत्येक जण देणाराही असतो. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. तुकडा वाटेत बिघडला तर ठसा जुळत नाही, मग तो टाकून दुसऱ्याकडून मागवायचा. कोणाकडे काय आहे याची यादी ठेवणारा एक ट्रॅकर असतो. मी तो आधी ठेवला होता, नंतर काढला. एकाच जागी यादी म्हणजे पुन्हा एकाच्याच हातात सगळं. आता कॉम्प्युटर एकमेकांनाच विचारत जातात, गावात पत्ता विचारत जावं तसे.

हे मला इंग्रजीत सहज सांगता येत होतं. पण लाइनवरच्या लोकांसाठी मराठीत दोन पानं लिहायची होती आणि माझं शाळेतलं मराठी तिथे पुरेना. लाइनलीडर काकांनी मदत केली. ते म्हाळुंग्याकडचे, या पट्ट्यात कारखाने यायच्या आधीपासूनचे.

"ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे, तो सीड," मी त्यांना सांगितलं.

"बियाणं म्हना की."

"आणि जो नुसता घेतो, कोणाला काही देत नाही, तो लीच."

"हाय की आपल्याकडं असला. रोज समद्यांच्या डब्यात हात घालतो, अन् सोताचा डबा कदी आनत न्हाई. आमी त्याला लीच न्हाई म्हनत, पन जे म्हनतो ते तुमच्यासमोर नको."

मी डब्याचं उदाहरण तसंच लिहिलं. पानं लाइनवरच्या बोर्डावर लागली. महिन्याभरात तीच पानं इंग्रजीत होऊन हेड ऑफिसला गेली, खाली सीनियरचं नाव. डबासुद्धा तसाच होता, 'लंच बॉक्स' होऊन. मेलच्या कॉपीत मी होते. त्याला ते लपवावंसंही वाटलं नव्हतं.

कंपनीच्या बसमध्ये मोशी ओलांडली की मी मनातल्या मनात त्याला सुनवायला लागायची. आधी इंग्रजीत, मग मराठीत. थेरगावला डांगे चौकात उतरेपर्यंत वाक्यं फार धारदार झालेली असायची. सकाळी त्याला 'गुड मॉर्निंग'सुद्धा मेलवरच. त्याने माफी मागावी असं मला वाटत नव्हतं. तो पडावा असं वाटत होतं, चार लोकांसमोर.

संधी त्यानेच आणून दिली. खंडेनवमीला हेड ऑफिसचे पाहुणे पूजेला येतात, तेव्हाच डेमो ठेवू, असं त्याने ठरवलं. कॉन्फरन्स हॉलमध्ये एक कोरा कॉम्प्युटर ठेवायचा आणि खालच्या लाइनवरून पाच मिनिटांत फाइल खेचून दाखवायची. तयारी म्हणून जुना सर्व्हरही त्याने थाटात बंद करून टाकला.

पूजा मशीनची असते, एवढं त्याला माहीत होतं. पण तीन वर्षांत तो त्या दिवशी एकदाही खाली गेला नव्हता. मी गेले होते. लाइनवर कॉम्प्युटरचीही पूजा होते. आदल्या संध्याकाळी सगळे पुसून बंद करतात, सकाळी झेंडूचा हार, स्क्रीनच्या कोपऱ्यावर कुंकू. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही.

आदल्या दिवशी काका माझ्याकडे आले.

"म्याडम, ह्ये समदे बंद करू ना? उद्या वर काय तुमचा कार्यक्रम हाय म्हनत्यात."

एक शब्द पुरला असता. 'थांबा' म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं.

"करा, काका," मी म्हणाले.

चाचण्यांच्या वेळी माझा लॅपटॉप नेहमी चालू असायचा. पूर्ण फाइल त्यावर, म्हणून कधी काही अडलं नाही. हे सीनियरला ठाऊक नव्हतं, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसले, लॅपटॉप बंद करून, बॅगेत, मांडीवर.

पेढे वाटून झाले. सीनियरने दोन वाक्यं फेकली, बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: उपलब्ध पिअर, शून्य. ती ओळ मीच लिहिली होती.

त्याने पुन्हा दाबलं. शून्य.

"पिअर पूजेला गेले वाटतं," कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. त्याला माहीत नव्हतं, तो किती खरं बोलला ते.

"सर, सर्व्हर डाउन असणार," सीनियर म्हणाला. "आत्ता रीस्टार्ट करून घेतो."

प्लांटचे साहेब पुढच्या रांगेत होते. याच कारखान्यात हेल्पर म्हणून लागून वर चढलेला माणूस, हळू बोलणारा. "कुठला सर्व्हर? तो तर तुम्ही बंद केलात ना? लागतच नाही म्हणाला होतात."

सीनियरच्या कपाळावर घाम दिसला. खोटं नाही सांगत, मला फार बरं वाटलं. त्याने मागे वळून मला शोधलं.

"अगं, तू बघ ना जरा. टायपिंगमध्येच काहीतरी घोळ घातला असशील."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी लॅपटॉप उघडला असता तर शून्याचा एक झाला असता, फाइल झरझर उतरली असती, टाळ्या त्याला मिळाल्या असत्या. माझं कंत्राटही कदाचित पुढे सरकलं असतं. बॅगेच्या चेनवर माझा हात होता.

"तुम्हाला काही माहीत आहे का, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

मी उभी राहिले. बसमध्ये घासलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"सर, यात सर्व्हर नसतोच. हे मी केलंय, म्हणून सांगते. खालचे सगळे कॉम्प्युटर पूजेसाठी बंद आहेत, काल मला विचारूनच बंद केले. पूर्ण फाइल आत्ता फक्त माझ्या लॅपटॉपवरून मिळू शकते, आणि यांच्यासाठी मी तो उघडणार नाही."